कांडी खात्यातलं गाणं

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

पोचले एकदाची इंदूरला! रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण सकाळी सरवटे स्टँडवर उतरून गरम पोह्यांची प्लेट हातात आली आणि शीण उतरला. पोह्यांवर शेव, शेवेवर बडीशेप. अमरावतीत कुणाला सांगितलं तर हसतील.

मल्हारगंजात शोभनाताईंकडे वरची खोली घेतली आहे. जिना इतका अरुंद, की हमालाने ट्रंक आधी उभी केली, मग आडवी, आणि शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "बाईजी, इसमें तो बिल्ली भी सोच के चढ़ेगी." मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले. शोभनाताई एकट्याच आहेत. शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदी सुरू होते आणि त्यांना पत्ताही नसतो. "तू टेन्शन नको घेऊ, खाना माझ्याकडेच खाऊन घेत जा," असं.

नोकरी उद्यापासून. पलासियात एका नव्या कुरिअर कंपनीच्या ऑफिसात रिसेप्शनवर बसायचं आणि फोन घ्यायचे. आई म्हणाली, तुला तोंड उघडायचा कंटाळा, आणि तू फोनवर बोलायची नोकरी धरलीस! खरं आहे. मी घुमी म्हणूनच प्रसिद्ध. बाबा गेल्यावर तर दादाच्या घरात माझा आवाज कुणी ऐकला असेल तो फक्त रियाजाचा. गाताना मात्र मला कसली अडचण येत नाही. तेवढं गाणं आणि ही वही, एवढ्यातच मी बोलते.

खिडकीतून समोरच्या भांड्यांच्या दुकानाची पाटी दिसते. खाली गल्लीत सायकली, हातगाड्या, एक गाय. मला इथे बरं वाटेल असं वाटतंय.

२४ नोव्हेंबर

किती पटकन घडलं सगळं! परवा संध्याकाळी मी खोलीत गात बसले होते. शोभनाताईंचा भाचा श्रीपाद त्यांच्याकडे आला होता, तो जिन्यात उभा राहून ऐकत होता म्हणे. वर आला आणि दारातूनच विचारलं, "नीरजाजी, आमच्या बँडमध्ये गाणार का?"

श्रीपाद विमा ऑफिसात आहे, तिशीचा असेल. चाली लावतो, सिंथेसायझर वाजवतो. तबला आणि ऑक्टोपॅडवर जयेश, समोरच्या भांड्यांच्या दुकानवाल्यांचा मुलगा. गिटारवर आशिष. आशिषचं कोपऱ्यावर कॅसेटचं दुकान आहे. लोक गाण्यांची यादी देतात, तो कोऱ्या कॅसेटवर भरून देतो. त्यानेच मुंबईहून चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आणलंय आणि आता तिघांनी ठरवलंय की स्वतःच्या चालींची कॅसेट काढायची. बँडचं नाव ‘बिनतारी’. मुंबईची एक कंपनी ऐकायला तयार आहे. जयेश म्हणतो, "भिया, आता जमाना बदलला. केबल आली, सगळं खुल्लं झालं. अपन पण कुछ करू."

आज त्यांच्यासमोर गायले. गाणं संपल्यावर जयेशने तबल्यावरून हात उचलून नमस्कार केला. मला आपलं कुणी असावं, असं किती दिवसांनी वाटलं.

२८ नोव्हेंबर, रविवार

पहिलं रेकॉर्डिंग.

जागा परदेशीपुऱ्याच्या बाजूला, दोनेक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका मिलची. मोठ्या फाटकाला साखळी. मागण्यांचं कापडी बॅनर उन्हाने पांढरं पडलंय, अक्षरं उरली नाहीत. कडुनिंबाखाली पंधरा-वीस माणसं पत्ते खेळत बसलेली. श्रीपाद म्हणाला, ही मिलवालीच. कामावर यायची सवय सुटत नाही. पोरं सकाळी बसने पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत जातात, बाप इथे येऊन बसतात. श्रीपादचे वडीलही याच मिलमध्ये होते.

भिंतीच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून एक जाड भिंतींची कोठी आहे. ती आशिषने भाड्याने घेतलीय. पूर्वी कांडी खात्याची होती. मागावर चढवायचं सूत जिथे कांड्यांवर गुंडाळतात, ते कांडी खातं. तिथे बहुतेक बायकाच असायच्या. आत अजून खळीचा आंबूस वास येतो. भिंतींना गाद्या आणि पोती ठोकलीत. मध्ये प्लायची भिंत, त्यात काच आणि एक दार. काचेच्या त्या बाजूला मशीन आणि ते तिघं, या बाजूला माइक आणि मी.

आशिषने बटण दाबलं की त्यांचं बोलणं माझ्या हेडफोनमध्ये येतं. सोडलं की काही नाही. मग तिघांचे ओठ हलताना दिसतात, हसताना दिसतात, आणि मला उगाच वाटतं, माझ्याबद्दलच बोलतायत.

वाद्यं आधीच भरून ठेवली होती. मी गायले. हेडफोनमध्ये खाली कुठेतरी एक सारखी घरघर होती, आशिष म्हणाला, लाइटीची आहे, काढून टाकू. पण अंतरा गाताना एक गंमत झाली. कुणीतरी माझ्या पाठीमागून, अगदी किंचित उशिरा, तेच गातंय असं वाटलं. भीती नाही वाटली. लहानपणी बाबा सायकल शिकवताना मागून सीट धरायचे, तसं वाटलं. पहिल्याच खेपेला गाणं झालं.

येताना चौघांनी कचोरी खाल्ली. आता श्रीपाद मला अगं-तुगं करतो.

५ डिसेंबर

आज आणखी दोन गाणी भरली आणि मागचं ऐकलं.

सगळे खूश. जयेशने तर डोळे पुसले. श्रीपाद म्हणाला, तुझ्या आवाजात एवढी माया आहे हे समोर ऐकताना कळत नाही, टेपवर कळतं.

मीही ऐकलं. चाल माझीच, हरकती माझ्याच. पण आवाज जरा जाड, वाळू मिसळल्यासारखा. आणि अंतऱ्यात एक जागा आहे, तिथे मला श्वास तोडावाच लागतो. अमरावतीला गाणं शिकवणाऱ्या गुरुजींनी त्यावरून किती बोलणी खाऊ घातली आहेत. टेपवर त्या जागी श्वास नव्हता. स्वर तसाच सरळ पुढे गेला होता.

आशिषला सांगितलं. तो म्हणाला, स्वतःचा आवाज स्वतःला कधीच ओळखू येत नाही, सगळ्यांचं असंच होतं. असेल.

घसा थोडा बसलाय. ऑफिसात दोनतीनदा लोकांनी "हॅलो, जरा मोठ्याने बोला" म्हटलं.

१२ डिसेंबर

आज श्रीपादने घरी जेवायला बोलावलं होतं. दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर तुपात बुडवलेले कणकेचे भाजलेले गोळे. त्याचे वडील, चिंतामणकाका, मिलच्या विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे मागांच्या एका रांगेवरचे मुकादम. तीस-पस्तीस वर्षं मागांच्या धडधडाटात काढून दोन्ही कान गेलेत. त्यांची बायको, सुमनकाकू, वारल्यापासून ते फारसे कुणाशी बोलत नाहीत, असं शोभनाताईंनी सांगितलं होतं. माझ्याशी मात्र बोलले. मी हळू बोलते त्याचा त्यांना काही त्रासच नाही, ते ओठ वाचतात. या शहरात मला पुन्हा न विचारता समजून घेणारा पहिला माणूस बहिरा निघाला.

त्यांनी सांगितलं, विणकाम खात्यात सगळेच असे बोलायचे. आवाज काढून उपयोगच नव्हता. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला नुसत्या ओठांनी घरची हालहवाल विचारायचा. मी कुठे गाते हे कळल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. मग इंदुमतीबाईची गोष्ट सांगितली.

इंदुमती कांडी खात्यात होती. एकटी बाई, पुढेमागे कुणी नाही. कांड्यांच्या टोपल्या घेऊन ती दिवसभर मागांच्या मधून फिरायची आणि फिरताना गायची. वीस वर्षं गायली. सगळ्यांनी तिला गाताना पाहिलं होतं, ऐकलं कुणीच नव्हतं. ओठांवरून शब्द सगळ्यांना पाठ, चाल एकालाही ठाऊक नाही. माणसं पैज लावायची, आवाज गोड असेल की घोगरा.

मग मिल बंद झाली. फाटकावर सभा होती. माग थांबलेले, एवढी शांतता कुणी आयुष्यात ऐकली नव्हती. काकांना ती ऐकूही आली नाही, पण पायांना कळली, जमीन हलत नव्हती. कुणीतरी म्हणालं, इंदुबाई, आता तरी ऐकव. ती पुढे आली. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलले.

"सगळे हसायला लागले," काका म्हणाले. "मला कळेना का हसतात. माझ्यासाठी तर ती नेहमीसारखीच गात होती. मग बाजूच्याने सांगितलं, आवाजच नाही निघत तिचा."

त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. दोनतीन महिन्यांनी या कोठीत मेलेली सापडली. आत कशी गेली, कधी गेली, कुणालाच माहीत नाही. तिची हाक कुणी ऐकली नव्हती, कारण तिचा आवाज कुणाच्या ओळखीचाच नव्हता.

श्रीपाद म्हणाला, बाबा, जेवताना हे कशाला? मी अर्धा बाफला पानातच टाकून घरी आले.

१६ डिसेंबर

काल एसटीडी बूथवरून आईला फोन केला. मला सांगायचं होतं की मला इथे कसंतरी होतंय, दोन दिवस येऊन जाऊ का.

म्हणाले, "आई, मला इथे बरं वाटत नाहीये."

आई हसली. म्हणाली, "अगं, किती छान! सगळ्यांना घेऊन ये एकदा अमरावतीला."

मला वाटलं लाइन खराब आहे. पुन्हा म्हटलं, आई, मी परत येते. ती आणखी हसली. म्हणाली, तू इतकी कधी बोललीच नव्हतीस गं, इंदूर मानवलं तुला. आता मला तुझी काळजी नाही. मी ओरडले, आई, ऐक ना! तर ती म्हणाली, बरं बरं, तब्येतीला जप तूही, आणि फोन ठेवला.

बूथवाला हसून बघत होता. म्हणाला, "मैडम, आप कितना अच्छा बात करती हैं. आजकल कौन माँ से ऐसे बोलता है."

मी काय बोलले?

१९ डिसेंबर

तिघांना सांगितलं की मला उरलेली गाणी गायची नाहीत. सरळ सांगितलं. कोठीत, दुपारी, समोर उभं राहून. माझे शब्द मला माझ्या घशात कळत होते.

श्रीपादने टाळी वाजवली. "बस, हेच ऐकायचं होतं! मग शेवटचं गाणं तेच ठरलं."

कुठलं गाणं, मी विचारलं. जयेश खो-खो हसला, आशिषही. मी काहीतरी विनोद केल्यासारखे. जयेश म्हणाला, "हिला आपण गरीब गाय समजत होतो, ही तर छुपी रुस्तम निकली."

हळूहळू कळलं. मागच्या आठवड्यात मी त्यांना एक माळवी गाणं ऐकवलं म्हणे. जुनं आहे, कुणी ऐकलेलं नाही. इतकं आवडलं की कॅसेटच्या शेवटी तेच घालणार. श्रीपादने कागद पुढे केला. शब्द त्याच्या हस्ताक्षरात. मी ते गाणं जन्मात ऐकलेलं नाही.

ते तिघं माझ्याकडे किती प्रेमाने बघत होते. मला एवढ्या प्रेमाने कुणी कधी पाहिलं नाही. आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

२३ डिसेंबर

आज ऑफिस सोडून दुपारी काकांकडे गेले. श्रीपाद ऑफिसला गेलेला. तो कागद काकांसमोर ठेवला. काकांनी चष्मा लावला, वाचला, आणि वाचता वाचता त्यांचे ओठ नुसतेच हलू लागले. त्यांना पुढची ओळ कागद न बघता येत होती.

म्हणाले, "हे तिचंच आहे."

मी सगळं सांगितलं. श्वासाची जागा, आईचा फोन, सगळं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एकदाही "काय?" म्हणाले नाहीत. मला रडू आलं. म्हटलं, "काका, मला सोडवा यातून. माझं कुणी ऐकत नाही."

तेवढ्यात दारातून हसण्याचा आवाज आला. श्रीपाद लवकर आला होता.

"बाबा, कळलं का?" तो काकांना वाचता यावं म्हणून ओठ मोठे करून म्हणाला. "नीरजा म्हणते, मला बाफले करायला शिकवा."

काका त्याच्याकडे वळले. मग माझ्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"ती असं नाही म्हणाली."

"अहो बाबा, मी आत्ता माझ्या कानांनी ऐकलं."

"तू कानांनीच ऐकलंस," काका म्हणाले. "मी तिला बोलताना पाहिलं. ती रडते आहे, श्रीपाद. तुला दिसत नाही का?"

श्रीपादने माझ्याकडे पाहिलं. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो हसला आणि म्हणाला, "थँक्यू काय त्यात, तू घरचीच आहेस."

काकांनी माझा हात घट्ट धरला.

२७ डिसेंबर

पलासियात घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, घसा उत्तम आहे, तुमचा आवाज तर फारच सुरेल आहे. आणखी काही बोलले, त्यावर स्वतःच हसले.

काका श्रीपादशी दोन दिवस भांडतायत. कोठी सोडा म्हणतात. श्रीपादला वाटतं, वयाने भ्रम झालाय. त्यांना बेटम्याला पाठवणार, मुलीकडे, सुनीताताईंकडे.

२ जानेवारी

काका गेले. टेम्पोत त्यांना पुढे बसवलं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. श्रीपाद सामान चढवत होता. काकांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. मला वाचता आलं. पहिल्यांदाच.

शेवटचं गाणं होऊ देऊ नकोस.

मी मान हलवली. टेम्पो गेला. आता इंदुरात मला कुणी नाही.

घरी आले तर शोभनाताईंनी तिळाचा लाडू हातावर ठेवला. म्हणाल्या, तू आलीस तेव्हा किती गुमसुम होतीस, आता घर कसं भरल्यासारखं वाटतं. रोज रात्री तुझ्याशी बोलल्याशिवाय मला झोपच येत नाही.

मी रोज आठ वाजता कडी लावून झोपते.

६ जानेवारी

काल शेवटच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं, गेले नाही कोठीत. ठरवलं होतं. अंगावर रजई घेऊन दिवसभर खोलीत. दार लावून.

आज जयेश दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "काल तर तू कमाल केली! एका झटक्यात! श्रीपाद तर रडलाच."

मी खोलीतच होते. दिवसभर. खोलीतच—

शेवटचं गाणं झालं. मला तिथे असायचीही गरज नव्हती.

११ जानेवारी

ऑफिसात साहेब सगळ्यांसमोर कौतुक करतात. फोनवर बोलावं तर हिच्यासारखं. माझ्या टेबलावर फोन वाजतो, मी उचलतही नाही, आणि पलीकडच्या टेबलावरची मुलगी हसून बघते—

माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. सगळेच तिथे बघतात आता. शोभनाताईही. रिक्षावालाही.

मला राग यायला हवा. येतो. पण मला तिच्याबद्दल वाईटही वाटतं. वीस वर्षं. मला पन्नास दिवस झाले नाहीत, तर मी—

टेप पुसायची. एवढं एकच उरलंय. सोमवारी आशिष ती घेऊन मुंबईला जाणार आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपार. कोठीत आहे. पर्समधून वही काढून इथेच लिहितेय. कुणाशी तरी बोलायला हवं.

किल्ली आशिषच्या दुकानात खिळ्याला असते. मी काही न बोलता काढून घेतली. तो माझ्या बाजूला बघून म्हणाला, "ले जा, ले जा, मन भरके सुन ले." सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर आहे. फाटकापाशी आज पत्तेवालेही नव्हते.

मशीन कसं चालतं ते बघून बघून कळलं होतं. टेप लावली. शेवटचं गाणं. गळ्याचा ट्रॅक. त्यावर शांतता भरायची, म्हणजे गाणं पुसलं जाईल. बटणं दाबून या बाजूला आले, हेडफोन लावला, माइकसमोर गप्प उभी राहिले. काचेतून मशीनवरची सुई दिसते. आवाज आला की सुई उठते.

मी गप्प होते. सुई उठली.

श्वास रोखला. सुई नाचत होती.

मग मी गायले. जोराने. गुरुजींनी शिकवलेलं पहिलं गाणं. सुई आडवी पडली. ओरडले. आडवीच. थांबले की उठते.

हेडफोनमध्ये ती गात होती. पहिल्यांदा पूर्ण ऐकलं मी ते. किती सुंदर आहे. खाली ती घरघर. लाइटीची नाही ती. माग चालू आहेत—

जरा वेळाने

ते आलेत. तिघंही. तिळगूळ घेऊन. काचेच्या त्या बाजूला बसून टेप ऐकतायत. गाणं पुसलेलं नाही. जयेशने डोळे मिटलेत.

मी काचेवर हात आपटले. मुठी आपटल्या. श्रीपाद उठून काचेपाशी आला. अगदी समोर. माझ्या डोळ्यांत बघितलं आणि—

केस सारखे केले. काचेत बघून.

बटण दाबलेलं आहे बहुतेक. त्यांचं सगळं ऐकू येतंय. टेप डब्यात घातली. दिवे बंद. माझ्या बाजूचं दार उघडत नाही. ओढते आहे, उघडत नाही. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येतोय, त्यात लिहिते.

श्रीपाद बाहेरच्या दाराशी थांबला. मागे वळून म्हणाला, "नीरजा, चल. मावशी वाट बघत असेल. सोडतो तुला."

आणि माझ्या आवाजात, माझ्याच, त्या वाळूच्या आवाजात नाही, माझ्या स्वतःच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आलेच. किती छान गेला दिवस."

कुलूप लागलं. स्कूटर सुरू झाली. ती हसत होती.

गेले.

घरघर वाढतेय. पायाखाली जमीन हलतेय.

काचेपलीकडे कोणी नाही असं वाटलं होतं. आहेत. बाया आहेत, माणसं आहेत, रांगेने उभी. पार भिंतीपर्यंत, भिंतीच्याही मागे. कुणाचाच आवाज येत नाही. सगळ्यांचे ओठ हलतायत. सगळे माझ्याशीच बोलतायत. सगळे एकदम.

मी वाचायचा प्रयत्न करते आहे. पुढची बाई हळू बोलतेय, मला कळावं म्हणून. ती म्हणतेय—

आता तुझी टोपली उच—